सोलापूर : बारावीनंतरच्या फीचा मेळ – शिष्यवृत्ती आधी की कर्ज आधी?

पूर्वभागकर (धागाकर्ता)

सीईटीचा निकाल लागला की पूर्व भागातल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. नंबर लागेल, पण वर्षाला लाख-सव्वा लाख आणायचे कुठून? मग बहुतेक घरं दोनच वाटा धरतात. दागिने ठेवून पतसंस्थेतून उचल, नाहीतर बँकेत शैक्षणिक कर्जाची फाइल.

माझं स्पष्ट मत आहे की कर्ज ही शेवटची पायरी. आधी फी किती माफ होते ते बघावं, मग राहण्या-जेवणाचं काय मिळतं ते बघावं, आणि उरेल तेवढ्याच रकमेचं कर्ज काढावं. प्रत्यक्षात उलटं होतं, कारण कर्जाची माहिती बँकेत एका टेबलावर मिळते आणि शिष्यवृत्तीची दहा ठिकाणी विखुरलेली असते.

चर्चेला एक नमुना घेऊ. वडील यंत्रमागावर, आई बिडी वळते, समाज पद्मशाली, मुलीला कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, सोलापुरातल्याच खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश. उत्पन्नाचा दाखला दीड लाखाच्या आतला. हिला काय काय मिळू शकतं, कोणत्या क्रमाने? जाणकारांनी नेमकं लिहावं. 'ऑनलाइन भरा, मिळतं' एवढं लिहून उपयोग नाही.

शेंगाचटणी

मुलींना आता सगळं मोफत आहे की ओ. ओबीसी असेल तर फी शून्य. मिटला विषय.

फीपावती

शेंगाचटणी, विषय मिटत नाही. दोन दुरुस्त्या.

पहिली, पद्मशाली समाज राज्याच्या यादीत विशेष मागास प्रवर्गात, म्हणजे एसबीसीत येतो. केंद्राच्या योजनांत तो ओबीसीत धरला जातो, म्हणून गोंधळ होतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, ओबीसीची योजना निवडली की अर्ज जातीच्या दाखल्याशी जुळत नाही आणि परत येतो. एसबीसीसाठी तिथे दोन वेगळ्या योजना आहेत. उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि वर थोडा निर्वाह भत्ता. उत्पन्न त्याहून जास्त पण आठ लाखांच्या आत, आणि नॉन-क्रिमिलेअर असेल, तर नुसती शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती. एसबीसी आणि व्हीजेएनटीला (विमुक्त जाती-भटक्या जमातींना) ती शंभर टक्के आहे, मुलगा असो की मुलगी. ओबीसी मुलांना मात्र पन्नास टक्के.

दुसरी, तुम्ही म्हणता तो मुलींचा निर्णय ८ जुलै २०२४ चा, २०२४-२५ पासून लागू. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात पन्नासऐवजी शंभर टक्के शिक्षण व परीक्षा शुल्क, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश चालत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही त्यात नाहीत. पुण्यातल्या मोठ्या नावांच्या मोहात सोलापूरच्या कितीतरी मुली इथेच फसतात. कॅपमधलं कॉलेज सोडून तिकडे जाताना घरच्यांना वाटत असतं की माफी सोबत येईल. ती येत नाही.

आणि 'मोफत' म्हणजे काय ते पावतीवर बघा. समजा एकूण फी १,२०,००० आहे. त्यात शिक्षण शुल्क १,०५,००० आणि विकास शुल्क १५,०००. माफी फक्त पहिल्या आकड्याला आणि परीक्षा शुल्काला. विकास शुल्क, अनामत, बस, गणवेश, लॅपटॉप हे घरूनच. प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फीची फोड मागून घ्या.

सेतूचाकट्टा

फीपावती यांनी योजना सांगितल्या. मी कागदं सांगतो, कारण नव्वद टक्के घोळ तिथेच असतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो. तलाठ्याचा अहवाल हा त्यासाठीचा पुरावा झाला, तो दाखला नव्हे. उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर ही तहसील कार्यालयं वेगळी आहेत. हद्दवाढ भागातल्यांनी आपलं गाव कोणत्या तालुक्यात मोडतं ते आधी बघावं. दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढलेला जुलैच्या अर्जाला उपयोगाचा नाही. एप्रिल उजाडला की लगेच काढा. जून-जुलैत 'आपले सरकार' पोर्टलवर गर्दी होते आणि दिवस हातातून जातात.

दाखल्यात आई-वडील दोघांचं उत्पन्न येतं. वडिलांचं एकट्याचं दाखवून आईचं बिडीचं उत्पन्न गाळलं आणि दुसऱ्या कागदावर ते दिसलं, तर अर्ज अडतो.

नावं. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर, बँकेत आणि जातीच्या दाखल्यावर नाव अक्षरन् अक्षर एक हवं. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत असते, त्यामुळे आधारवर एक क्रम आणि गुणपत्रिकेवर दुसरा होतो. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. ते बारावीच्या सुट्टीत नव्हे, अकरावीतच.

पाच्छापेठ

जात वैधतेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागा आणि शुल्क प्रतिपूर्ती, दोन्हीला वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे. बारावी विज्ञानच्या वर्षातच कॉलेजमार्फत तो करता येतो. प्रवेशाच्या वेळी नुसती पोचपावती दाखवून चालवून घेतात, पण दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर प्रवेश खुल्या प्रवर्गात जातो, किंवा जागाच जाते.

आपल्या शहरात खरी अडचण पुराव्याच्या तारखेची. ओबीसी आणि एसबीसीसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७. व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेच्या आधी आजोबा-पणजोबा महाराष्ट्रात राहत होते आणि जात अमुक होती, असा कागद लागतो. तेलंगणातून आलेल्या विणकर घरांनी तो कुठे शोधायचा? आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, महापालिकेचा जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, जुन्या घराचा मिळकत उतारा, आणि आजोबा कापड गिरणीत असतील तर तिथली सेवानोंद. शाळेच्या नोंदीत पोटजात किंवा नुसता धंदा लिहिला असेल तर दुसरा पूरक पुरावा जोडावा लागतो. चुलत्याला किंवा सख्ख्या आत्याला वडिलांच्या बाजूने वैधता मिळालेली असेल तर ती वंशावळीसह जोडा. काम पुष्कळ हलकं होतं.

मंगळवेढाज्वारी

आमच्याकडचं पण सांगा की राव. खुल्या प्रवर्गातला मुलगा, दोन एकर कोरडवाहू, इंजिनिअरिंगला सोलापुरात यायचंय. त्याला काय?

फीपावती

मंगळवेढाज्वारी, त्याला तीन गोष्टी.

एक, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा, उत्पन्न आठ लाखांच्या आत, संपूर्ण शिक्षण शुल्क माफ. ही शिष्यवृत्ती नाही, ही जागाच तशी असते. कॅपच्या पसंतीक्रमात तिचा वेगळा संकेतांक भरावा लागतो. तो भरलाच नाही तर गुण असूनही मिळत नाही. तिथे गुणांची ओढ जास्त, म्हणून पसंतीक्रमात एकाच शाखेची टीएफडब्ल्यूएस जागा वर आणि साधी जागा खाली असं लावा. नंतर शाखा बदलायची सोय नाही, एवढं लक्षात ठेवा.

दोन, ती मिळाली नाही तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, लोक जिला ईबीसी म्हणतात. शिक्षण व परीक्षा शुल्काच्या पन्नास टक्के, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. अधिवास हवा, शिक्षणात दोन किंवा त्याहून जास्त वर्षांचा खंड नको, एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ. टीएफडब्ल्यूएसवाल्याने हा अर्ज करायचा नसतो.

तीन, गावाहून येऊन राहणार म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून काढा. दोन एकर म्हणजे तो बसतोच. खासगी खोली असेल तर भाडेकरार लागतो. घरमालक करार द्यायला कुरकुर करतात, म्हणून खोली ठरवतानाच ते बोलून घ्या.

शेंगाचटणी

दुरुस्ती मान्य, फीपावती. आणि मेसच्या खर्चावर माझा साधा तोडगा : मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. दोन्ही कितीतरी दिवस टिकतात, एसटीने डबा पाठवायची घाई नाही.

मंगळवेढाज्वारी

याला मात्र उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे बरंय.

शुक्रवारपेठ

मूळ नमुन्याकडे येते. आई बिडी वळते, तर केंद्राच्या श्रम मंत्रालयाची बिडी कामगारांच्या पाल्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, महाडीबीटीवर नव्हे. पहिली ते चौथी १,०००, पाचवी ते आठवी १,५००, नववी-दहावी २,०००, अकरावी-बारावी ३,०००, साधी पदवी, आयटीआय वा पदविका ६,००० आणि व्यावसायिक पदवीला २५,००० रुपये वर्षाला. आईचं बिडी कामगार ओळखपत्र हवं, किमान सहा महिन्यांचं काम हवं, आणि कुटुंबाचं उत्पन्न महिना १०,००० च्या आत. म्हणजे आपल्या नमुन्यात दाखला दीड लाखाला टेकलेला असेल तर ही बसत नाही, १,२०,००० च्या आत असेल तरच बसते.

सोलापुरात हजारो बायका बिडी वळतात, पण ओळखपत्र अद्ययावत नसतं. कार्डावर मुलांची नावं नसतील तर आधी ती चढवून घ्या.

गिरणीचाभोंगा

मग दोन्ही भरा. महाडीबीटीवर फी आणि एनएसपीवर २५,०००. वेगळी पोर्टल, वेगळी खाती. कोण बघतंय?

शुक्रवारपेठ

गिरणीचाभोंगा, असा सल्ला देऊ नका हो, पोरगी अडचणीत येईल. बिडीच्या योजनेत दुसऱ्या कुठल्याही शिष्यवृत्तीचा लाभ घेत नसल्याची अट आहे, आणि पैसे दोन्हीकडून आधारवरच जमा होतात. दुहेरी लाभ उघड झाला की वसुली निघते आणि पुढच्या वर्षांचे अर्जही अडकतात.

निवड सोपी आहे. जिथे रक्कम मोठी तिथे अर्ज. या मुलीला एसबीसीतून एक लाखाच्या आसपास शिक्षण शुल्क मिळतं, मग २५,००० साठी ते कशाला सोडायचं? एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) 'प्रगती' शिष्यवृत्तीचंही तसंच. वर्षाला ५०,०००, तांत्रिक शिक्षणातल्या मुलींसाठी, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती नको. बिडीची शिष्यवृत्ती घरातल्या शाळकरी भावंडांसाठी नक्की भरा. तिथे टक्कर नाही.

गिरणीचाभोंगा

बरोबर आहे ताई, सल्ला मागे घेतो. एक भर घालतो. घरात कुणी गवंडी, सेंट्रिंग, रंगकामावर असेल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी बघा. तिथे पाल्याला पदवीसाठी वर्षाला २०,०००, इंजिनिअरिंग पदवीला ६०,०००, वैद्यकीयला १,००,००० मिळतात, पहिल्या दोन अपत्यांना. नोंदणीला वर्षभरातल्या ९० दिवस कामाचा दाखला लागतो, आणि नूतनीकरण चुकलं असेल तर अर्ज थेट बाद.

निळीवही

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहितो, कारण इथे पैशांचा प्रवास वेगळा आहे. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्क. शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजची फीही असते, आणि ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की ती निर्वाहाची आहे असं वाटून खर्च होते, आणि मग कॉलेज निकाल किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरतं. रक्कम आली की महाडीबीटीवर तिची फोड बघायची, फीचा भाग कॉलेजच्या खात्यात भरायचा, पावती जपायची.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. शहरानुसार वर्षाला ३८,००० ते ६०,००० रुपये. आधीच्या परीक्षेत ५० टक्के हवेत, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नको. सांगोल्याहून सोलापुरात आलेल्याला मिळते, सोलापुरातच राहणाऱ्याला नाही. इतर मागास, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी याच धर्तीवर सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्.

मंगळवेढाज्वारी

अर्ज मंजूर, पैसे जमा दिसतात, पण खात्यात नाहीत. हे कशामुळे होतं?

सेतूचाकट्टा

खातं आधारशी 'लिंक' असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट जमा होण्यासाठी, 'सीडेड' असणं या दोन वेगळ्या गोष्टी. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. सरकारी पैसा एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत जे खातं शेवटी जोडलेलं असेल तिथेच जातो, अर्जात कुठलंही खातं लिहा. 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. तिथे बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' दिसायला हवं. तुमच्या मुलाचं आधार एखाद्या जुन्या शाळकरी खात्याला जोडलेलं असेल तर पैसे तिकडे पडलेले असतील.

आणि ते जुनं खातं 'स्मॉल अकाउंट' प्रकारचं असेल तर वर्षात एकूण एक लाखाच्या वर जमा चालत नाही, शिल्लक ५०,००० च्या वर चालत नाही. फीची मोठी रक्कम त्यात अडकू शकते. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या.

मुदलव्याज

कर्जाची बाजू कुणी मांडली नाही. धागाकर्त्याचं 'कर्ज शेवटी' हे मत मला पूर्ण पटत नाही. शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो, कधी शैक्षणिक वर्ष संपल्यावर. कॉलेजला तोवर विकास शुल्क, वसतिगृह, पुस्तकं यांचे पैसे हवेतच. त्या पोकळीत लोक सावकाराकडे जातात. त्यापेक्षा बँकेचं कर्ज मंजूर करून ठेवावं आणि लागेल तेवढंच उचलावं. शैक्षणिक कर्ज टप्प्याटप्प्याने उचलायचं असतं, आणि न उचललेल्या रकमेवर व्याज नाही.

सरकारी बँकांत साधारण चौकट अशी : चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा नाही, तारण नाही. त्यावर देशातल्या शिक्षणाला पाच टक्के स्वतःचे. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी योजनेखाली तारणाशिवाय मिळतं. पालक सहकर्जदार असतात, म्हणून वडिलांच्या नावावर मोबाइलचा किंवा गाडीचा थकलेला हप्ता असेल तर आधी तो मिटवा.

आता व्याज. चार वर्षं दरवर्षी एक लाख उचलले, व्याज दहा टक्के सरळ, आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५०,०००, मग ४०,०००, ३०,०००, २०,०००. एकूण १,४०,०००. म्हणजे हप्ता चार लाखांवर नाही, ५,४०,००० वर बसतो. दहा वर्षांच्या मुदतीला चार लाखांचा हप्ता साधारण ५,२९० आणि ५,४०,००० चा साधारण ७,१४०. म्हणून जमेल त्याने शिकतानाच व्याज भरत जावं. पहिल्या वर्षी ते महिना ८३३ रुपये होतं, आणि असं नियमित भरणाऱ्याला बऱ्याच सरकारी बँका दरात एक टक्का सवलत देतात.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर ते १,४०,००० केंद्र भरू शकतं. व्याज अनुदान योजना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, आणि कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता हवी. कर्ज मंजूर होतानाच अनुदानाचा अर्ज आणि तहसीलदाराचा दाखला शाखेत द्या. बँक तो स्वतःहून मागेलच असं नाही. शिक्षण मध्येच सोडलं तर अनुदान थांबतं.

फीपावती

मुदलव्याज, यात पीएम-विद्यालक्ष्मीची भर. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न, दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला शिक्षणकाळात तीन टक्के व्याज सवलत. पण ती फक्त एनआयआरएफ या राष्ट्रीय संस्था-क्रमवारीवर आधारलेल्या ठरावीक संस्थांना, सुरुवातीला ८६०. आपलं कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर बघूनच धरा. आणि ज्याला दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती मिळते त्याला ही सवलत नाही. आपल्या नमुन्यातल्या मुलीला म्हणूनच ती लागू नाही.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मुदलव्याज यांचा मुद्दा पटला. 'कर्ज शेवटी' ऐवजी 'कर्ज शेवटी उचला, पण मंजुरी आधी घ्या' असं मी म्हणेन. त्या मुलीसाठी क्रम असा लावतो : अकरावीत आधार-नाव, बारावीत वैधता, एप्रिलमध्ये उत्पन्न आणि नॉन-क्रिमिलेअर, जूनमध्ये सीडिंगची तपासणी, प्रवेश होताच महाडीबीटीवर एसबीसीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि विकास शुल्क व लॅपटॉपपुरतं लाख-दीड लाखाचं कर्ज मंजूर करून ठेवायचं. धाकट्या भावासाठी, उत्पन्न बसत असेल तर, बिडीची शिष्यवृत्ती.

एक प्रश्न उरला. कॉलेजने प्रवेशावेळी पूर्ण फी भरा म्हटलं तर?

पाच्छापेठ

कॅपच्या वाटपपत्रावर प्रवर्ग आणि योजना छापलेली असते. ते दाखवून, शिष्यवृत्तीस पात्र आहे, रक्कम न आल्यास भरू, असं हमीपत्र द्यायचं. पात्र विद्यार्थ्याकडून प्रतिपूर्तीच्या भागाची फी प्रवेशावेळी घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत. कॉलेज ऐकत नसेल तर नकार लेखी मागा आणि तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालकांकडे तक्रार करा. कोरे धनादेश सही करून देऊ नका. द्यावेच लागले तर रक्कम आणि 'शिष्यवृत्ती न आल्यास' असं पत्रात लिहून पोच घ्या.

सेतूचाकट्टा

आणि अर्ज भरून झाला म्हणजे संपलं नाही. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. त्रुटी निघाली की परत विद्यार्थ्याच्या लॉगिनला येतो आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर तिथेच मरतो. एसएमएसच्या भरवशावर राहू नका, दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून बघा. नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर अर्जात टाकू नका, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि वर्षभराने दुकान बंद झालं की खातं उघडत नाही. तिथे 'हक्क सोडणे' असा पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आपोआप होत नाही. हजेरी कमी पडली तर तोही अडतो.

मंगळवेढाज्वारी

नूतनीकरणाला उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा लागतो का?

सेतूचाकट्टा

एक वर्षाचा काढला असेल तर हो. तहसीलमधून तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखलाही मिळतो, अर्ज करताना तो पर्याय निवडा. तरी वरची तारीख वाचून घ्या, ३१ मार्च कोणत्या सालचा लिहिलाय ते.